भाऊबंद

देवगडच्या सड्यावर, कातळातल्या खळग्यांना
मी नंबर दिले होते. एक ते एकतीस.
सगुणा कोकरेकडे त्यांची नावं होती:
वासराची खळी, सुयेची, आंधळी,
आणि माझ्या चौदा नंबरला ती म्हणायची हट्टीण,
बाकी सगळ्या आटल्या तरी
शिमग्यापर्यंत पाणी सोडत नाही म्हणून.

"शेवाळ कित्या नेतंस गो बाटलेत?"
शेरडं वळता वळता तिनं विचारलं.
म्हटलं, अभ्यास. पीएच.डी.
"जेच्यावरना पाय घसारता, तेचो अभ्यास?"
प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणासाठी
याहून नेमकं वाक्य मला अजून सुचलेलं नाही.

रात्री खोलीवर थेंब भिंगाखाली धरला.
एकच पेशी, कंबरेत चिमटलेली,
दोन अर्ध्या, एकमेकींचा आरसा.
दुभंगते तेव्हा प्रत्येक अर्धी
आपली गेलेली बाजू नव्याने वाढवून घेते.
म्हणजे प्रत्येकीत एक अंग कालचं,
आणि एक कधीचं, ते विचारायची सोय नाही.

जनुकांचे क्रम पुण्याहून आले.
चार अक्षरांत लिहिलेली, कुठेच श्वास न घेणारी पोथी.
संगणक दोन रात्री वंशावळ मांडत बसला,
तलाठी मांडतो तशी:
कोण कुणाचा, कोण कुठे वेगळा निघाला,
कोण बिनवारस गेला.
आमच्या घरात सात गुंठ्यांची केस
बावीस वर्षं चालू आहे.
वंशावळ वाचायला मी एम.एस्सी.च्या आधीच शिकले.

पडद्यावर आलं ते असं:
भात, माड, हापूस, गडग्यावरची निगडी,
या सगळ्यांचं सर्वांत जवळचं भाऊबंद
हेच. बुळबुळीत. ना मूळ, ना देठ.
कोट्यवधी वर्षांमागे वाटण्या झाल्या.
एक शाखा जमिनीवर चढली, पानं काढली, सावली धरली.
दुसरी खळग्यातच राहिली
आणि सुकायला शिकली:
दोघींनी एक व्हायचं, भिंत जाड करायची,
आणि वैशाखाच्या तव्यावर धूळ होऊन पडायचं.

मी लिहिलं, 'आश्चर्यकारक चिवटपणा'.
नूलकर मॅडमनी 'आश्चर्यकारक' लाल शाईनं खोडलं,
'चिवटपणा'खाली लिहिलं: मोजला का?
मोजला.
एप्रिलमध्ये हट्टिणीच्या तळाची धूळ खरवडून आणली,
तिला पाणी दिलं, उजेड दिला.
नवव्या दिवशी शंभरातल्या अकरा जाग्या झाल्या.
अकरा हा आकडा मॅडमना आवडला.
मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुऊन आले.

तिसऱ्या वर्षी गेले तेव्हा चौदा नंबर नव्हता.
सुरुंगाची भोकं, चौरस खड्डे,
ट्रकनं आणलेली तांबडी माती,
तिच्यात गुडघ्याएवढी हापूसची कलमं, ठिबकच्या नळ्या.
जागेचे मालक अनंत घाडी, भला माणूस.
मला सावलीत बसवलं, कोकम दिलं.
"पडीक होतो सडो," म्हणाले,
"कायेक पिकत नाय होता."
मी कलमांकडे पाहिलं. कोवळी, तांबूस पानं.
भाऊबंदानं भाऊबंदाची जागा घेतली
ही काही कोकणात बातमी नव्हे.

सगुणा गडग्यापाशी भेटली. तिला सांगितलं,
हट्टीण आहे, रत्नागिरीत, काचेच्या नळीत.
बारा तास ट्यूबलाइट, बारा तास काळोख,
दर महिन्याला ताजं पाणी, एकदाही खंड नाही.
तिनं जरा वेळ ऐकून घेतलं.
मग म्हणाली,
"आणि सुकाक गावता तिका थंय?"

सातवं प्रकरण त्या दिवशी जिथं थांबलं
तिथंच आहे.
शेवटच्या फळीवरच्या एका नळीचं बूच
मी काढून ठेवलंय.
पाणी रोज केसभर खाली जातं.
वहीत तारीख लिहिली आहे.
मॅडमना अजून सांगितलेलं नाही.