टोक

कुताईसीत कुणीच अख्खा पाव घरी नेत नाही.
होडीसारखा लांबट, दोन्हीकडे निमुळता,
माझ्या खिडकीतून घेतला की पुलापर्यंत पोचायच्या आत
एक टोक मोडलेलं असतं.
अकरा वर्षं मी हे बघते आहे
आणि सुटे पैसे मोजते आहे.

मागे ओतिया भट्टीत कमरेपर्यंत वाकतो,
तापल्या मातीवर पीठ थापतो,
भुवया कधीच्याच जळून गेलेल्या.
विचारतो, खाल्लंस का, लामझिरा?
मी म्हणते, हो.
हा हो मी इतका मळलाय
की ताणला तरी तुटत नाही.

मोठा उपास आला की मला सोपं जायचं.
सगळं गाव दूध, मांस, अंडी सोडतं,
तेव्हा माझ्याकडे कोण बघणार?
उलट पाद्री म्हणाले, शिका हिच्याकडून.
मी मान खाली घातली.
लाज नव्हती ती. जिंकल्यासारखं वाटलं होतं,
हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.
ईस्टरला मात्र भावाच्या घरी लांबलचक टेबल,
पेल्यामागून पेले,
पूर्वजांसाठी, मुलांसाठी, द्राक्षांसाठी,
आणि मी स्वयंपाकघरात
कोरड्या भांड्यांनाही पुन्हा साबण लावत.

आत एक कारकून बसलाय.
घासाघासाची नोंद ठेवतो, सही मागतो,
रजेवर कधी जात नाही.
मीच ठेवला होता त्याला कामावर,
आईच्या आजारपणात,
काहीतरी एक आपल्या हातात असावं म्हणून.

नोव्हेंबरात आईची अंगठी गेली.
दोरा गुंडाळून घट्ट केलेली, तरी गेली.
तिसऱ्या दिवशी म्झेविनार बाई आल्या,
शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या,
रुमालात अंगठी, भाजून काळपटलेली.
दात थोडक्यात वाचला, म्हणाल्या.
मी हसले. म्हटलं, अंगठी मोठी होती.
अंगठी आहे तेवढीच आहे, त्या म्हणाल्या.
मागे रांग. कुणीतरी खाकरलं.
त्या हलल्या नाहीत.
पावाच्या कागदावर एका डॉक्टरचा नंबर लिहिला,
"माझी बहीणसुद्धा" म्हणाल्या,
आणि वाक्य तिथेच ठेवून गेल्या.

नऊ दिवस तो कागद एप्रनच्या खिशात.
दहाव्या दिवशी रियोनीच्या काठी,
पांढऱ्या दगडांवर उभी राहून फोन लावला.
पाण्याचा आवाज एवढा,
वाटलं, ऐकूच जाणार नाही, सुटले.
पलीकडून आवाज आला, जरा मोठ्याने बोला.
मोठ्याने बोलावं लागलं.
काठावरच्या मासेमाराने वळून पाहिलं
आणि पुन्हा गळाकडे बघू लागला.

आता दर गुरुवारी मिनीबसने जाते.
कधी चिडते. कधी तिथेही तोच मळलेला हो.
डॉक्टर वहीत काही लिहीत नाहीत, वाट बघतात.
कारकून गेलेला नाही.
परवा तर दिवसभर तोच बोलत होता.

दुपारी दोनला ओतिया पिठाच्या खोक्यावर बसतो,
ताज्या पावाचं टोक मोडतो,
माझ्यापुढे ठेवतो
आणि रस्त्याकडे तोंड करतो, जणू कुणी यायचंय.
आज ते गार होईपर्यंत पडून होतं.
मग गारच खाल्लं. थोडं.
मीठ जास्त झालंय, मी म्हटलं.
ओतिया वळला, भुवया नसलेलं कपाळ आक्रसून.
अकरा वर्षांत, म्हणाला,
पहिल्यांदा तक्रार केलीस.