चेसिस नंबर

खिडकी क्रमांक दोन माझी.
एक नंबरची सहा वर्षं बंदच आहे.
गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं असताना
मैते उरुतिया आली. वय चौदा.
नखांत ग्रीस, मुठीत चुरगळलेला कागद.

मी पाठ केलेलं म्हणायला लागले:
सायलेन्सरला ठिणग्या अडवणारी जाळी हवी,
उन्हाळ्यात इथलं गवत निमित्तच शोधत असतं.
हेल्मेट हवं. लायसन नाही, म्हणजे आधी सुरक्षिततेचा वर्ग.
स्टिकर मिळेल तो मातीच्या वाटांसाठी.
डांबरावर जायचं तर आरसा, हॉर्न, दिवा, नंबरप्लेट,
आणि त्याचा फॉर्म वेगळा.

"वर्ग झाला," ती म्हणाली. "जाळी मी स्वतः बसवली."
"गाडी कुणाची?"
"माझी. मी जोडली."

इंजिन शेजाऱ्याचं, टाकी लिलावातली,
मागचं चाक मेंढ्यांच्या गोठ्यात सापडलेलं.
सांगाडा मात्र घरचा,
गवताच्या गंजीमागे पडून होता.
म्हटलं, बाई गं, कायदा इंजिनाला विचारत नाही,
चाकाला तर नाहीच नाही.
मानेच्या हाडावर कोरलेला आकडा, ती गाडी.
बाकी अंगावरचे कपडे.

कागदावर पेन्सिल घासून उमटवलेली सतरा अक्षरं.
चौथं पुसट होतं. आठ की बी?
दोन्ही टाकून पाहिलं.

बी टाकल्यावर पडदा लाल झाला.
चोरीची गाडी. ऑगस्ट सत्त्याण्णव.
तक्रारदार: रामोन उरुतिया.

"हे तर आजोबा," मैते म्हणाली,
आणि पहिल्यांदाच चौदा वर्षांची दिसली.

मला आठवलं. लहान काउंटीत विसरायची सोय नसते.
अंदोनी तेव्हा सतरा वर्षांचा.
बापाशी भांडला, कशावरून ते आता कुणीच सांगत नाही,
आणि कुंपणाची तार कापून, गाडीवर बसून,
ओवायहीच्या माळावरून सरळ खाली नेवाडात.
रामोननं शेरीफला सांगितलं: गाडी चोरीला गेली.
मुलाबद्दल काही सांगितलं नाही.
पोरगी इथे ठेवायला अंदोनी एकदाच आला होता, रात्री.
सांगाडा तेव्हाच परत आला असावा.

"तक्रार ज्यानं दिली त्यानंच मागे घ्यायची,"
मी म्हणाले. नियमच आहे तसा.

तो दुसऱ्या दिवशी आला. एकाहत्तरचा.
टोपी काढली नाही.
फॉर्म दोनदा वाचला, बोट ओळीखाली ठेवून.
"इथे विचारलंय, वाहन कसं परत मिळालं."
"लिहा जे असेल ते."
बराच वेळ पेन हवेत.
मागे पिकअपच्या नंबरप्लेटसाठी आलेला माणूस खोकला.
मग त्यानं लिहिलं:
चोरी नव्हती. घरातल्या माणसानं नेली होती.

"त्या माणसाचं नाव कुठे लिहू?"
रकाना नव्हता.
मी म्हटलं, समासात लिहा.
माझ्या अधिकारात समास तेवढा आहे.

शिक्के मारले. पैसे घेतले. सुटे कमी पडले,
ते मी माझ्या डब्यातून घातले.
मैतेनं स्टिकर दोन बोटांत धरलं, ओल्या तिकिटासारखं.
"हे घेऊन नेवाडात गेलं तर चालतं?"
चालतं थोडे दिवस, मी म्हणाले.
राज्यं पाहुणी गाडी थोडे दिवस खपवून घेतात.
"थोडे म्हणजे किती?"
तिनं मला विचारलं होतं,
पण बघत होती आजोबाकडे.

तो दाराशी पोचला होता.
"आधी जाळी दाखव मला," म्हणाला. "नीट बसलीय का."

बाहेर रस्ता डांबरी. चालवत नेता येत नाही.
म्हणून दोघं ती गाडी पिकअपपर्यंत ढकलत निघाली,
ती हँडलला, तो मागून,
आणि चढावर थांबली तेव्हा
कुणीच म्हणालं नाही, सोड, मी नेतो.

माझं जेवण गार झालं होतं.
फाइल बंद करण्याआधी चौथं अक्षर पुन्हा पाहिलं.
बीच होता.