मॅचिंग सेंटर

या दुकानात मी तोंडाविनाच लागले.
मुलाखतीलाही मास्क होता.
चोरडियाजींनी डोळे पाहिले, विचारलं,
तोतापरी आणि मेंदी, फरक कळतो?
कळतो म्हटलं.
उद्यापासून या.

ह्यांची स्कूलबस तेव्हा विजयनगरच्या मैदानात उभी,
टायरांना गवत आलेलं.
आणि मी सीतलामाता बाजारात
रुबियाच्या साडेतीनशे रंगांसमोर.
उरल्यासुरल्या तुकड्यांचे मास्क
आम्हीच शिवायचो, आम्हीच घालायचो, आम्हीच विकायचो,
साडीवर मॅचिंग हवा तर दहा रुपये जास्त.

मास्कच्या आत मी पुष्कळ बोलले.
हा नको, तो काढा, तोही नको, पहिलाच दाखवा
म्हणणाऱ्या बायकांना
नुसते ओठ हलवून जे जे म्हटलं
ते माझ्या आईनं ऐकलं असतं तर
दोन दिवस जेवली नसती.
वर डोळे मात्र हसरे.
डोळ्यांना सवय लागते.

शेजारच्या काउंटरवर सज्जन.
कपाळाला आठ्या, आवाज जाड,
चाळिशीचा धरून मी त्याला भैया म्हणायचे.

सगळ्यांचा दुसरा डोस झाला.
धनतेरसच्या आधी सेठजींनी पाटी लावली,
'पूरे स्टाफ को दोनों टीके लग चुके हैं',
तिला झेंडूचा हार घातला
आणि म्हणाले, आता काढा ते.
चेहरा पाहून माल खपतो.

काढला.

सज्जन एकोणीस वर्षांचा निघाला.
मिशी अजून विचारात.
तोही बघत राहिला माझ्याकडे, मग म्हणाला,
दीदी, मी तुमचं खालचं वेगळं लावलं होतं.
वेगळं म्हणजे कसं, ते मी विचारलं नाही.
साडी हातात घेऊन माणूस
मनातल्या मनात ब्लाउज ठरवून बसतो,
आणि दुकानात तो रंगच नसतो.

दिवसभर हनुवटीला वारं लागत होतं.
तोंड सांभाळा म्हणतात ते काय, तेव्हा कळलं.
दोनदा पकडले गेले.

संध्याकाळी एक बाई आल्या, पायरीवरच थांबल्या.
पाटी वाचली. सबंध.
पिशवीतून साडी काढली,
पिकल्या जांभळाची, धुऊन धुऊन कोमट झालेली.
माझं मंगळसूत्र बघून मराठीतच म्हणाल्या,
वाचली मी पाटी. तरी लावाल का?
आमच्याकडे यांचं औषध सुरू आहे,
त्यात म्हणे लस घेतली तरी अंगी लागत नाही.

गल्ल्यावरून सेठजी म्हणाले,
बहनजी, सबको लग गया है.
हो, बाई म्हणाल्या.
आणि उभ्याच राहिल्या.

सज्जननं आधी लावला. हिरवा.
मी ड्रॉवर उघडला, हाताला आला तो राणी.
सेठजी पाटीकडे बघत बसले थोडा वेळ,
मग त्यांनी खिशातून रुमाल काढला.

ट्यूबलाइटवर रंगाच्या बाबतीत भरवसा ठेवू नये.
तीन ताके घेऊन मी पायरीवर गेले, उजेडात,
ऊन राजवाड्यामागं कललेलं,
जेमतेम पाच मिनिटांचं उरलेलं.
पहिला फार लाल.
दुसरा मेलेला.
तिसरा पदरावर ठेवला तेव्हा दोघी गप्प झालो.
अगदी तोच नव्हता.
असू दे, बाई म्हणाल्या, जवळचा आहे.

एक मीटर कापला, चार बोटं जास्तच.
पुडी देताना मास्कच्या आत मी काहीतरी म्हटलं,
या खेपेला आईनं ऐकलं असतं तरी चाललं असतं.
त्यांना ऐकू गेलं नसावं.
त्याही काही म्हणाल्या की काय,
नाकाखालचं कापड
एकदा आत गेलं, एकदा बाहेर आलं.