राखणदाराचे नाव

फॉर्मात सातवा रकाना होता:
मानशीच्या राखणदाराचे नाव.
मी मृदसंधारण खात्यातला, मूळचा वाळपईचा,
रायबंदरच्या फेरीतून चोडणला उतरलेला,
हातात टेप, पायात चुकीचे बूट.

बोस्त्यांव रेबेलो मानशीच्या फळीवर बसून
जाळं सांधत होता.
म्हटलं, राखणदाराचं नाव सांगा.
तो उभा राहिला. टोपी काढली.
‘त्याचं नाव घेत नाहीत, साहेब.
तिन्हीसांजेला तर नाहीच.’

मग उलगडा झाला आणि आम्ही हसलो,
तो माझ्यापेक्षा कमी.

बांधावर राखण तिघांची, तो म्हणाला.
एक हा खुरीस, चुन्यानं पांढरा,
गळ्यात कालची झेंडूची माळ, तोंड नदीकडे.
एक तो, घोंगडी-काठीवाला,
ज्याची पावलं ओहोटीच्या चिखलात उमटतात
आणि मध्येच थांबतात.
आणि एक मी.
‘पगार तेवढा मी एकटाच घेतो.’

दर अवसेला तांदळाचा रोट, पानावर,
दोन विड्या, करवंटीत घोटभर उर्राक.
ठेवण्याआधी कपाळ, छाती, खांदे शिवून
एक ‘नमान मारिये’.
‘आधी खुरसाला विचारतो, मग त्याला देतो.
चोरून काही नाही.’

नवे पाद्री, फादर लिगोर, वेदीवरून म्हणाले होते
दोन धन्यांची चाकरी करता येत नाही.
बोस्त्यांव तिसऱ्या बाकावर होता,
मान डोलावून ऐकलं सगळं,
घरी जाऊन रोटाचं पीठ मळलं.

मला हसायचा हक्क नव्हता.
माझी आई म्हापशाच्या सायबिणीला तेल घालून येते
आणि म्हणते, आपल्याच देवीची ती बहीण,
सासरी गेली म्हणून का नातं तुटतं?
मी त्या तेलाच्या बाटलीवर
कधी बोललो नाही. टेपने काय काय मोजणार.

भाद्रपदाच्या अवसेला बांध फुटला.
कुर्ल्यांनी पोखरलेल्या जागी आधी एक बुडबुडा,
मग हात जाईल एवढं भोक, मग म्हैस जाईल एवढं.
खारं पाणी पोटरीला आलेल्या भातात शिरायला लागलं.
कपेलाची घंटा वाजली, प्रार्थनेची नव्हे.
माणसं आली, पेंढा आला, बांबू आले,
फादर लिगोर आले, झगा कमरेला खोचून
धोतरासारखा,
आणि चिखलाच्या पाट्यांच्या रांगेत
माझ्या डाव्या हाताला उभे राहिले.

कुणीतरी लदीन सुरू केली.
संताचं एक नाव, एक पाटी.
ओरा प्रो नोबिस, पुढे.
ओरा प्रो नोबिस, पुढे.
गोकुळदास परोबांना लातीन येत नाही,
सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच.
मध्ये कुणाच्या तोंडून ‘बा राखणदारा’ निसटलं,
त्यालाही रांगेनं तसंच उत्तर दिलं,
कारण पाटी हातात होती
आणि ती पुढे द्यायची होती.

खुरसाच्या पायथ्याशी तो रोट होता,
भिजलेला, विड्या विझलेल्याच.
अंधारात माणसं जात-येत होती.
फादरनी एकदा रांग सोडली,
आपला कंदील उचलून
त्या पानाशेजारी ठेवला,
कुणाचा पाय पडू नये एवढ्यापुरता,
आणि परत येऊन हात पुढे केले.

पहाटे ओहोटी लागली.
मानशीची दारं आपली आपण उघडली.
किती भात वाचलं ते अजून सांगता येत नव्हतं.
बोस्त्यांव फळीवर झोपला होता, तोंड उघडं.

पणजीहून फॉर्म परत आला, लाल शाईत:
रकाना सात, नाव एकच लिहावे.
मी लिहिलं, बोस्त्यांव रेबेलो. खोटं नव्हतं.
पण खर्चाच्या पानावर, बांबू आणि सुतळीच्या खाली,
रोट एक, विड्या दोन,
असंही लिहून ठेवलं आहे.
हिशेब तपासणारा विचारेल, ही बाब कसली?
सांगेन, भराव.