जोड

डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीवर आतडं काढून दाखवलं.
वरती फुगलेलं, खाली दोऱ्यासारखं,
मधे नुसता कोरा कागद.
अंकुश मान हलवत होता. त्याला काही दिसत नव्हतं.
मला दिसलं.
तीस वर्षं धनकवडी ते कोंढवा लोकांच्या भिंती फोडतोय,
पुढे वाट नसली की पाणी कुठून उलटं येतं
ते मला अंधारातही कळतं.
कळलं, आणि लाज वाटली.
दोन किलो तीनशे ग्रॅमचं लेकरू,
आणि माझ्या डोक्यात एल्बो, टी, सॉकेट.

पायाला पट्टी : बेबी ऑफ रेश्मा.
आज तिसरा दिवस. नाव बाराव्याला.
जन्मल्यापासून हिरवं ओकतंय,
कैरीचा नव्हे,
न धुतलेल्या टाकीच्या तळाला असतो तो हिरवा.

नात्यातल्या एक मावशी आल्या,
म्हणाल्या, ग्रहणात काही चिरलं-कापलं असेल हिनं.
रेश्मा फरशीकडे बघत राहिली.
मी म्हणालो, मावशी, खाली चहा बरा मिळतो, चला.
दोनदा पाजला. वर क्रीमरोल.
पाच वाजेपर्यंत त्यांना वर येऊ दिलं नाही.
त्या दिवशी मला तेवढंच जमलं.

मग मामलेदार कचेरी, उत्पन्नाचा दाखला,
केशरी कार्डाच्या सहा झेरॉक्स, सातवी राहिली म्हणून परत रांग.
रक्त माझं नको म्हणाले, साखर आहे.
धाकट्याला बोलावलं. कधी नव्हे ते लगेच आला,
मोबाइल बघत आडवा झाला, एक शब्द न बोलता.

रेश्मा दर तीन तासांनी पडद्याआड दूध काढायची.
सिस्टर बाटलीवर तारीख, वेळ लिहून फ्रीजरमध्ये ठेवायच्या.
अंकुश चिडला, तो पीत नाहीये, कशाला काढतेस?
ती म्हणाली, लागेल तेव्हा?
मी बायकोनं दिलेला अळिवाच्या खिरीचा डबा पुढं केला
आणि मधे पडलो नाही.
बंद ठेवलेली लाइन सुकते, हे तिला कुणी शिकवलं?

माझ्याआधी आईला एक मुलगा होता.
तोही हिरवं ओकला. चौथ्या दिवशी गेला.
दृष्ट म्हणाले, मीठमोहऱ्या चुलीत टाकल्या.
आईला कुणी कागदावर काही काढून दाखवलं नाही.
हे ऑपरेशनच्या सकाळी जिन्यात
माझ्या तोंडापर्यंत आलं होतं.
मी बिस्किटाचा पुडा फोडला, अंकुशला म्हणालो, खा.

तीन तास. त्याचा फोन माझ्या हातात.
करमाळ्याहून त्याची आई दर दहा मिनिटांनी.
अजून आत आहे, आई.
अजून आत आहे.
शेवटी शेवटी ती काही विचारायचीच नाही,
नुसती फोन लावून श्वास घेत राहायची,
मीही ठेवायचो नाही.

मोठे डॉक्टर टोपी काढत बाहेर आले.
जोडलंय. आता थांबायचं. घाई करायची नाही.
गिऱ्हाइकाला मी हेच सांगतो,
सोल्युशन वाळू द्या, लगेच पाणी सोडू नका.
कुणी ऐकत नाही.
इथं आम्ही सगळे ऐकत होतो,
मावशीसुद्धा.

आठव्या दिवशी बिबवेवाडीत
एका सिंकच्या खाली अर्धा आत होतो, फोन वाजला.
काका, शी झाली.
किती?
थोडीच. पण झाली.
पान्हा हातातून निसटून कपाळावर बसला.
मालकीणबाई वाकून, काय हो, काय झालं?
शी झाली, म्हणालो मी,
आणि त्या दोन पावलं मागं सरल्या.

बाराव्याला बारसं काही झालं नाही.
दोन मिली दूध गेलं त्या दिवशी, नाकातल्या नळीतून, थेंब थेंब.
बाटली सिस्टरनी उजेडात धरून वाचली :
तारीख तिसऱ्या दिवसाची,
वेळ पहाटे चार.