हरकत नाही

टोलीडोची नोंदणी कचेरी, चार नंबरची खिडकी.
ओडेसा प्रूइट एक ओळ खोडायला आलीय.
नव्या कायद्यानं फी माफ.

खरेदीखत, एकोणीसशे सत्तावीस, कलम सात:
'या घरात काळ्या माणसाने राहू नये;
नोकर असल्यास हरकत नाही.'

कारकून पोरगा शिक्का मारतो: रद्द.
मान वर करत नाही. कान लाल.

"माझी आई राहिली रे त्याच घरात.
तळघरात, बॉयलरला लागून, एकोणीस वर्षं.
या 'हरकत नाही'वर."

पर्समधून ती बँकेचं पत्र काढते.
व्याज दीड टक्का जास्त.
का, ते कुठल्याच कलमात नाही.

"आणि हे? हे कुठल्या खिडकीत खोडतात?"

पोरगा पत्र वाचतो. पुन्हा वाचतो.
मागे रांग
दारापर्यंत गेलेली.