झाकण

रविवारी रात्री आठला स्पृहा परत आली.
पाठीवर दप्तर, पायात बाबाकडच्या चपला.
पांढरे बूट तिकडे,
दम्याचा पंप तिकडे, पंपाला लावायची नळी तिकडे,
परिसर अभ्यासाची वही, निळा स्वेटर,
आणि डब्याचं झाकण.
डबा मात्र आला होता, उघडा,
तळाला साबुदाण्याचा एक वाळका दाणा.

मी मेसेज केला. दोन निळ्या खुणा.
पुन्हा केला. 'बघतो.'
सोमवारी सकाळी: 'तूच नीट भरून पाठवत नाहीस.'
मी फोटो पाठवला.
आता मी फोटो काढूनच ठेवते,
सगळं पलंगावर मांडून,
रुखवतासारखं.

कोर्टाच्या कागदात सगळं आहे:
दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी दहा,
दिवाळीची सुट्टी निम्मी-निम्मी,
फी कोणी भरायची, दवाखाना कोणी बघायचा.
जेवणाच्या सुट्टीत वकीलबाईंना फोन केला,
झाकणाचं काय करू?
त्या हसल्या. मग म्हणाल्या, अर्ज करता येईल की,
पण तेवढ्या पैशांत भांडीबाजारात
पन्नास डबे येतील.

बुधवारी पीटी असते.
मंगळवारी अंबडची शिफ्ट सुटल्यावर
सिटीलिंक पकडली, द्वारकेला अडकले,
जेलरोडला उतरले तेव्हा सव्वासात.
गेटवर गांगुर्डे मामा.
पूर्वी माझ्या पिशव्या लिफ्टपर्यंत आणून द्यायचे,
आता वही पुढे करतात:
नाव, वेळ, कोणाकडे, काम.
कामाच्या रकान्यात मी लिहिलं, बूट.

तो खाली आला नाही.
लिफ्टचं दार उघडलं आणि आत
पिशवी एकटीच बसलेली,
शहाण्या मुलीसारखी.
वही. पंप आहे, नळी नाही.
बूट एकच, डावा.
स्वेटर धुतलेला, इस्त्री केलेला.
चुरगळलेला असता तर मला सोपं गेलं असतं.
झाकण नाही.

वर पाहिलं. चौथ्या मजल्याच्या गॅलरीत
एक लाल फ्रॉक वाळत होता, तिच्या मापाचा,
मी कधीच न घेतलेला.
फोन केला. कट.
'दुसरा बूट सापडत नाहीये. तमाशा नको.'
मामांनी खुर्ची पुढे केली. मी बसले नाही.
मग बसले.

आणि खरं सांगायचं तर
माझ्याही कपाटात, खालच्या कप्प्यात,
त्यानं घेतलेला पिवळा टी-शर्ट आहे, छातीवर डायनासोर.
तीनदा मागितला त्यानं.
तीनदा मी म्हणाले, बघते.
तिला तो आता होतही नाही.
का देत नाही, ते विचारू नका.

घरी आले तर स्पृहा
खैरनारवहिनींच्या सोफ्यावर झोपलेली.
उचलून आणली.
पीटीच्या सरांना चिठ्ठी लिहायला
तिचा कंपास उघडला, पेन सापडेना,
शार्पनरची डबी उघडली उगाच,
आणि पेन्सिलीच्या भुश्शात दात.
खालचा, पुढचा, तांदळाहून थोडा मोठा.

मागच्या महिन्यात तिकडे पडला होता.
मी त्याच्याकडे मागितला,
तो म्हणाला, तुझ्याकडेच आला असेल,
त्यावरून आम्ही चार दिवस भांडलो.
आमच्या लहानपणी दात कौलावर फेकायचे,
उंदराला सांगायचं, माझा घे, तुझा दे.
हिनं कुठे फेकायचा?
दोन्हीकडे स्लॅब.

डबी होती तशी मिटली.
चिठ्ठीत खोटंच लिहिलं,
बूट ओले आहेत, आज चपला चालवून घ्याव्यात.

सकाळी भेंडी भरली, पोळ्या दुमडून ठेवल्या,
डब्यावर बशी उपडी घातली,
दोन रबर आडवे, एक उभा.
'सांडेल,' स्पृहा म्हणाली.
'सरळ धर.
आणि रबर परत आण.'